पुण्याचे नाक आणि पंचविसावा दिवस

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र आणि एका माणसाचे चित्र छापून आले. हा माणूस म्हणजे कावसजी, इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा मराठा शेतकरी. १७९२ च्या म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातील डॉक्टर टॉमस क्रूसो व त्यांच्या एका सहकाऱ्याने ही क्रिया पाहिली होती.

पद्धत अशी होती. प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करायचे, ते सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि त्याभोवती रेघ ओढायची. तेवढी त्वचा सोडवायची, पण दोन भुवयांमधली एक अरुंद पट्टी तोडायची नाही. नाकाच्या जागेवरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, कपाळाची त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा तेथे घेतलेल्या छेदात बसवायच्या. सुश्रुतसंहितेत याच कामासाठी गालाची त्वचा सांगितली आहे. येथे ती कपाळाची आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. मातीचे नाक करा, त्यावर ओला कागद बसवा, कडेने कापा आणि उलगडून सपाट ठेवा. आकृती समोरून दिसणाऱ्या नाकापेक्षा बरीच रुंद निघते. मेण का लागले, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो पुढचा तपशील. जोडावर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या ठेवत. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेले कापड लावत. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालत. आणि भुवयांमधली पट्टी कापायची ती सुमारे पंचविसाव्या दिवशी.

पंचवीसच का? नवी त्वचा सुरुवातीला केवळ त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावर जगते. दरम्यान कडांमधून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात वाढतात. त्या पुरेशा होण्याआधी पट्टी तोडली, तर नाक काळे पडून मरते. आजही कपाळाच्या त्वचेने नाक घडवताना ही पट्टी साधारण तीन आठवड्यांनी तोडतात. त्या कारागिराचा अवधी याच्या जवळचाच होता.

निकालाचे काय? छापलेले चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये काढलेल्या चित्रावरून केले होते. सूज उतरून व्रण स्थिरावल्यावरचा हा पुरावा आहे. मात्र पत्रलेखक पुढे म्हणतो की ही शस्त्रक्रिया यशस्वी होते. हे एका चित्रावरून ठरत नाही. फसलेल्या नाकाचे चित्र कोण काढून घेणार? आतून अस्तर नसलेले असे नाक पुढे आक्रसू शकते, हेही नंतर कळले.

ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्पू यांनी प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये दोन रुग्णांची माहिती ग्रंथरूपाने मांडली. तेथून ही पद्धत युरोपभर गेली. तिचे नाव पडले 'भारतीय पद्धत'. पुण्याच्या कारागिराचे नाव मात्र त्या पत्रात नाही. त्याने स्वतः काही लिहून ठेवल्याचे ज्ञात नाही आणि पाहणाऱ्यांनी त्याची फक्त जात नोंदवली.

आज परभणीच्या वर्तमानपत्रातही चेहरा दोऱ्यांनी उचलून तरुण करण्याच्या जाहिराती दिसू शकतात. त्वचेखाली घातलेले विरघळणारे दोरे काही महिन्यांत नाहीसे होतात आणि ओढही हळूहळू सैल पडते. म्हणून आधीचा व नंतरचा फोटो शेजारी दिसला, की विद्यार्थ्यांनी एवढेच विचारावे: हा कितव्या महिन्यातला? आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांचे फोटो कोठे आहेत?