अंगण, कुरण आणि किनारा : बालशिक्षणाच्या मोकळ्या वर्गाची वाटचाल

भगवान महावीरांना केवलज्ञान प्राप्त झाले ते ऋजुवालिका नदीच्या तीरावर, शालवृक्षाच्या छायेत. वृक्ष, जल आणि ज्ञान यांचे हे सान्निध्य आपल्या परंपरेला अपरिचित नाही. तरीही आपली चिमुकली मुले शिकू लागतात ती चार भिंतींच्या आत. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मराठी भूमीत मोकळ्या आकाशाखाली भरलेल्या बालवर्गांचे स्मरण करणे म्हणूनच उचित ठरेल.

या वाटचालीचा आरंभ सौराष्ट्रात झाला. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात आणला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार स्थापन केले. परंतु माँटेसोरींची महागडी साधने गरिबांच्या मुलांपर्यंत कशी पोहोचणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेले हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. तेथे अनुताई वाघ यांची त्यांना जन्मभराची साथ लाभली.

मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच मुलांकडे जावे, हा ताराबाईंचा निर्णय होता. वस्तीतल्या अंगणात वर्ग भरू लागला आणि ‘अंगणवाडी’ जन्माला आली. बिया, खडे, पाने, शंख-शिंपले हीच शिकण्याची साधने झाली. पुढे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखण्यात दिवस घालवीत, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. तीच ‘कुरणशाळा’. १९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. मात्र आज तो उच्चारताच बहुधा एक खोली डोळ्यांपुढे येते. नाव राहिले, अंगण मागे पडले.

आपल्या समाजाच्या मनात येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. हिरव्या तृणावर पाऊल ठेवणेही आपण टाळतो. मग निसर्गातील वर्गात जीवविराधना होणार नाही का? शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर जयणेत आहे. पावसाळ्यात गवतावर वर्ग भरवूच नये. अन्य ऋतूंत झाडाखालची कोरडी, मोकळी जागा निवडावी, जाण्या-येण्याची पाऊलवाट ठरवावी. फूल तोडायचे नाही, फुलपाखरू पकडायचे नाही, दगड उचलून पाहिला तर हलकेच जागच्या जागी ठेवायचा. मुंगीची रांग पाहून स्वतःहून पाऊल आवरणारे मूल जयणा शिकलेले असते. बंद खोलीत हा पाठ केवळ तोंडपाठ होतो.

आपला रायगडचा किनारा तर या शिक्षणासाठी मुक्तहस्ते सिद्ध आहे. पाठशाळेत मुले जीवविचार शिकतात : शंख-शिंपले द्वीन्द्रिय, मुंगी त्रीन्द्रिय, भुंगा चतुरिन्द्रिय, मासा पंचेन्द्रिय. हे सर्व जीव अलिबाग-रेवदंड्यापासून मुरुड-श्रीवर्धनपर्यंत आपल्या दारी आहेत. ओहोटीच्या वेळी, मोठ्यांच्या देखरेखीखाली, वाळूच्या कडेला उभे राहिले तरी पुष्कळ दिसते. रिकामा वाटणारा शंख अचानक चालू लागतो, कारण त्यात एका खेकड्याने घर केलेले असते. हे पाहिलेले मूल शंख खिशात घालण्यापूर्वी थांबेल. खाजणातील तिवरांची चिखलातून वर आलेली मुळे पाहून झाडही श्वास घेते हे त्याला कळेल. जीवांच्या परस्पर उपकाराचे सूत्र त्याला मग निराळे समजावून द्यावे लागणार नाही.

या कार्यासाठी मोठा निधी लागत नाही. ताराबाई-अनुताईंजवळ तो नव्हताच. हवी एक सावली, फरशीखाली न गेलेला मातीचा तुकडा, पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे आणि मुलांबरोबर थांबून पाहणारी शिक्षिका. आपल्या संस्था जेव्हा नवी वास्तू उभारतात, तेव्हा सर्व अंगण लादीने झाकले जाते. दात्यांची भावना उदात्तच असते, पण त्या लादीखाली बालकांचा पहिला वर्गही झाकला जातो. पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना प्रत्येक बालमंदिराच्या आवारात एक झाड आणि त्याखालची जमीन मुलांसाठी राखून ठेवावी, एवढीच नम्र विनंती. अहिंसेचा संस्कार त्या मातीत सहज रुजेल.

जय जिनेन्द्र!