हाडाला बिलगलेली काच

१९६७ साली अमेरिकेत सैन्याच्या एका परिषदेला निघालेल्या बसमध्ये काचतज्ज्ञ लॅरी हेंच किरणोत्सारात टिकणाऱ्या पदार्थांविषयी बोलत होते. व्हिएतनामहून परतलेल्या शेजारच्या कर्नलने विचारले, मग माणसाच्या शरीरात टिकेल असे काही घडवता येईल का? धातू-प्लास्टिकचे रोपण शरीर नाकारी. जखमी जवानांचे हातपाय कापावे लागत. फ्लोरिडा विद्यापीठात हेंच यांनी सिलिका, सोडा, चुना आणि फॉस्फेट यांची काच घडवली. १९६९ साली ती उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवली. सहा आठवड्यांनी ती ओढूनही निघेना! नवल असे, की ही काच शरीरद्रवात किंचित विरघळते, म्हणूनच टिकते. तिच्या पृष्ठभागी हाडातील खनिजासारखा थर जमतो आणि नवे हाड त्याला बिलगते. १९८५ साली मध्यकर्णातील हाडांच्या जागी ती बसवण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली.