निरोप धाडणाऱ्या पेशीचा दोष

करवीर दरबाराचे मोडी कागद वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे ‘चिटणीस’ म्हटलं की मला पत्रव्यवहार सांभाळणारा कारभारी आठवतो. झेब्रामाशाच्या भ्रूणावरील २००३ च्या एका शोधनिबंधात अजय चिटणीस हे नाव दिसलं, तेव्हा कोल्हापुरात बसून मी तो कुतूहलानं वाचला. निबंधही निरोपाविषयीच निघाला.

मासा आपल्या उपखंडातलाच. कंपनी सरकारचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे हौशी लोकांच्या काचटाक्यांतून तो जगभर गेला आणि जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी ओरेगॉनमध्ये त्याला प्रयोगशाळेत रुळवला. त्याचा भ्रूण मादीच्या शरीराबाहेर वाढतो आणि पारदर्शक असतो. आतली घडामोड जिवंतपणीच दिसते.

मज्जारज्जू जिथे घडायचा, तिथे आधी नुसत्या जनक पेशी असतात. दहाव्या तासाच्या सुमारास त्यांतल्या काही चेतापेशी होऊ लागतात. अशी पेशी डेल्टा नावाचं प्रथिन पृष्ठभागावर आणते. शेजारच्या पेशीवरील नॉच या प्रथिनाशी त्याची गाठ पडली की शेजारीण थांबते, जनकच राहते. हे थांबणं फार मोलाचं, कारण नंतरच्या चेतापेशी आणि त्यांच्या आधारपेशी या शिलकीतूनच व्हायच्या असतात.

१९९६ मध्ये ट्यूबिंगेन आणि बॉस्टनच्या संशोधकांनी हजारो सदोष भ्रूणांची वर्णनं छापली. त्यांतल्या एका दोषाला बॉस्टनकरांनी ‘माइंड बॉम्ब’ म्हटलं, ट्यूबिंगेनकरांनी ‘व्हाइट टेल’. (एकाच गावाची दोन नावं दप्तरातही सापडतात, आणि तितकाच घोळ होतो.) या भ्रूणांत सुरुवातीच्या चेतापेशींची झुंबड उडते आणि पुढच्यांसाठी जनक पेशीच पुरत नाहीत.

शेजारीण बहिरी, असा कुणाचाही पहिला तर्क होईल. मोतोयुकी इतोह, चिटणीस आणि सहकाऱ्यांनी निरोगी व सदोष पेशी एकाच भ्रूणात मिसळून पाहिल्या. दोष ऐकणारीत नव्हता, सांगणारीत होता. माइंड बॉम्ब हे प्रथिन डेल्टावर युबिक्विटिनची खूण लावतं. मग धाडणारी पेशी डेल्टा आत ओढून घेते आणि त्या ओढीनंच शेजारणीचं नॉच नीट जागं होतं. सदोष भ्रूणांत डेल्टा तयार होतं, पण पेशीच्या कडेलाच साचून राहतं.