पाण्याचा डबा ते कूलंट : गाडी तापण्याचा इतिहास

आज आपण रामवाडीत बसलोय. एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय इथंच आहे, आणि मुंबई-गोवा रस्ता हाकेच्या अंतरावर. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत या रस्त्यावर काय दिसतं ते तुम्हाला सांगायला नको. वडखळपर्यंत गाड्यांची रांग, आणि मधूनमधून बाजूला घेतलेली, बॉनेट उघडलेली एखादी गाडी. मुलं उन्हात उभी, आणि कुणीतरी बिसलेरीची बाटली घेऊन रेडिएटरकडे निघालेला.

हा बाटलीवाला माणूस आजच्या व्याख्यानाचा नायक आहे. तो चुकतोय, पण त्याची सवय मूर्खपणाची नाही. ती त्याला आजोबांकडून आलीय. ती कुठून आली आणि आज का चालत नाही, एवढंच आपल्याला बघायचंय.

सुरुवात मोटारीच्याही आधीपासून करू. बोरघाटाचा रस्ता 1830 साली खुला झाला, तेव्हा घाट चढणारी इंजिनं म्हणजे बैल. त्यांना पायथ्याशी पाणी, माथ्यावर पाणी. 1863 साली त्याच घाटातून रेल्वे गेली. वाफेचं इंजिन तर पाणीच पितं. आपल्या जिल्ह्यात नेरळ-माथेरानच्या छोट्या रेल्वेवर, जी 1907 साली सुरू झाली, एका स्टेशनाचं नावच 'वॉटर पाईप' आहे. चढणीवर इंजिनाला तिथं पाणी मिळायचं. म्हणजे 'चढण आली की पाणी द्यायचं' ही गोष्ट आपल्या अंगात मोटार यायच्या आधीच मुरली होती.

पण फरक बघा. वाफेच्या इंजिनात पाणी हे काम करणारं माध्यम. त्याची वाफ होऊन ती बाहेर जाते, म्हणून परत भरायचं. मोटारीत पाणी नुसता हमाल आहे. इंजिनातली उष्णता उचलायची, रेडिएटरमध्ये नेऊन हवेत टाकायची आणि परत यायचं. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा हा हमाल वाहतो. तो वाटेत सांडला नाही, तर त्याच्या जागी दुसरा लागायचं कारणच नाही.

मग जुन्या गाड्यांना सारखं पाणी का लागायचं? कारण ते सांडायचंच. सुरुवातीच्या मोटारींना भरपूर पाणी घेऊन फिरावं लागे. 1901च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात 8070 बारीक नळ्या होत्या, आणि 18 लिटर पाण्याचं काम 9 लिटरवर आलं. आजचा रेडिएटर त्याचाच वंशज. तरीही झाकण साधं असल्यामुळे पाणी उकळलं की वाफ सरळ बाहेर. त्यात आपला घाट. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलात की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी 100ऐवजी 95-96 अंशांनाच उकळतं. एका बाजूला इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतंय, गाडीचा वेग नाही म्हणून वारा नाही, आणि दुसऱ्या बाजूला पाणी लवकर उकळतंय. मग क्लीनरच्या हातात डबा नसेल तर कुणाच्या असेल?

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. ती बेडफर्ड होती. पुढे एसटी आपल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातही गावोगाव पोचली. तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना ड्रायव्हरशेजारचं ते बॉनेट आठवत असेल. गर्दीत जागा मिळाली नाही की त्यावर बसायचं, आणि कशेडी चढेपर्यंत खालून चांगलं शेकून निघायचं. आता कशेडीला बोगदा झालाय. इंजिन किती तापलंय हे सांगायला काट्याची गरजच नव्हती!

त्या काळात साधं पाणी टाकणं खपून जायचं, याची कारणं आहेत. अँबॅसिडरच्या जुन्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. रेडिएटर पितळ-तांब्याचा, जाड. गंज चढायचा, क्षार बसायचे, रेडिएटर चोक व्हायचा. मग रेडिएटरवाल्याकडे न्यायचा, तो टाकी उघडून नळ्यांतून सळई मारायचा, गळती असेल तिथं झाळ द्यायचा, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. चूक महाग नव्हती. म्हणून चूक ही चूक वाटलीच नाही.

आता कूलंटकडे येऊ. थंड देशांत प्रश्न उलटा होता. रात्री पाणी गोठलं की ते फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो. आधी दारूसारखी द्रव्यं मिसळून पाहिली, ती उडून जात. इथिलीन ग्लायकॉल हे रसायन फ्रान्समध्ये वुर्ट्झने 1856 सालीच बनवलं होतं. ते 197 अंशांना उकळतं, म्हणजे उडून जात नाही. 1927 साली अमेरिकेत ते 'प्रेस्टोन' नावाने मोटारींसाठी बाजारात आलं. नाव पडलं अँटिफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारं. आणि आमच्या मते, आपल्याकडचा सगळा घोळ या नावाने केलाय. कोकणातला माणूस साहजिकच विचारणार, 'आमच्याकडे कुठं बर्फ पडतो? मग हे विकतचं पाणी कशाला?'

प्रश्न रास्त आहे. उष्णता वाहून न्यायचीच असेल तर नुसतं पाणी ग्लायकॉल-मिश्रणापेक्षा सरसच आहे. उकळण्याचं म्हणाल, तर ते काम बरंचसं झाकण करतं. सुमारे 0.9 बारचा दाब धरणारं झाकण असलं की साधं पाणीसुद्धा साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं ग्लायकॉल असलं तर 125च्या पुढे. फायदा आहे, पण निम्म्या गोष्टीचा.

उरलेली निम्मी गोष्ट म्हणजे त्या बाटलीत थोड्या प्रमाणात असलेली गंजरोधक द्रव्यं. कारण मधल्या काळात गाडी बदलली. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, विजेचा पंखा असलेली. नंतरच्या गाड्यांत हेड अ‍ॅल्युमिनियमचं, बऱ्याचदा ब्लॉकही, रेडिएटर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा आणि त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या. याला झाळ देता येत नाही. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून एकदा गाडी उकळली की हेड वाकतं, गॅस्केट जातं. आणि अ‍ॅल्युमिनियमचा खरा वैरी आहे मीठ.

इथं पेणकरांनी कान टवकारावेत. आपल्या मागे खारेपाट आहे. खाडीलगतच्या बोअरला कसलं पाणी लागतं ते सांगायची गरज नाही. आमचीच गोष्ट सांगतो. एका गणपतीला वडखळच्या अलीकडे आमची गाडी तापली. जवळच्या घरातून बादलीभर बोअरचं पाणी आणलं, ओतलं, काटा खाली आला, घरी पोचलो आणि विसरून गेलो. ते पाणी काढून टाकायचं राहिलंच. पुढच्या पावसाळ्यात वॉटर पंप गळायला लागला. उघडून पाहिलं तर आत पांढरा भुगा आणि धातूला खड्डे. मेकॅनिकने बोट लावलं आणि विचारलं, "भाऊ, खाडीतनं आणलंत काय?" रेडिएटर, पंप आणि हेडचं काम, तिन्ही एकदम निघालं. पाणी फुकट होतं.

अडचणीत पाणी टाकू नये असं आम्ही म्हणत नाही. जरूर टाका, पण घरी पोचल्यावर ते काढून कूलंट भरा. आणि त्याआधी शोधा की गाडी तापली कुठे. हाही इतिहासच आहे. पूर्वी गाडी घाटात तापायची, आता नाक्यावर तापते. 2011 पासून या रस्त्याचं चौपदरीकरण चाललंय, तेव्हापासून तासन् तास उभं राहायची सवय आपल्याला झालीच आहे. उभ्या गाडीत तापत असेल तर पंखा, त्याचा फ्यूज, रिले बघा. पळताना किंवा चढताना तापत असेल तर रेडिएटर चोक, पंप, थर्मोस्टॅट. पाणी सारखं कमी होतंय आणि गळती दिसत नाही, किंवा ऑइल चहासारखं दुधाळ झालंय, तर गॅस्केट. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी युक्ती मात्र सोडा. त्याने इंजिन नीट तापतच नाही, इंधन जास्त जातं, आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

काटा वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी बाजूला, इंजिन बंद. गरम असताना झाकण उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी मोकळं झालं की क्षणात उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. तापल्या इंजिनावर थंडगार पाणी ओतू नका.

आणि कूलंट निवडताना रंग बघू नका. हिरवा, लाल, निळा हा फक्त रंग आहे, त्याचं कुठलंही ठरलेलं मानक नाही. जुन्या प्रकारातली गंजरोधकं दोनेक वर्षांत संपतात, सेंद्रिय आम्लांवर आधारलेली नवी द्रव्यं साधारण पाच वर्षं टिकतात. दोन्ही मिसळली तर नव्याचं आयुष्य घटतं, कधी गाळही धरतो. गाडीच्या पुस्तकात कुठला प्रकार लिहिलाय तो बघा, बाटलीवर आयएस 5759 किंवा जेआयएस के 2234 असं मानक आहे का बघा. घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळा, नळाचं नाही. जुनं काढलेलं गटारात किंवा शेताकडे सोडू नका. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्रं चाटतं आणि मरतं.

मंडळी, आजोबांचा डबा त्यांच्या इंजिनासाठी बरोबर होता. बीड गेलं, पितळ गेलं, डबा तेवढा राहिला. गणपतीला निघण्याआधी एकदा, थंड गाडीचं झाकण उघडून आत बोट घालून बघा. बोटाला तांबडा गंज लागला तर समजा, आजोबा अजून गाडीतच बसलेत.

आम्ही इथेच थांबतो.