रील बघून रॉड मागवताय? वसईची खाडी, फ्लाय फिशिंगचा छंद आणि गळाचं बदललेलं दुकान

मोबाइलवर रील सरकवताना एखादा व्हिडिओ हमखास समोर येतो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस, हवेत चाबकासारखी वळणं घेणारी रंगीत दोरी आणि पाण्यावर अलगद टेकणारी पिसांची माशी. हेच फ्लाय फिशिंग. कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, ‘हे आपल्याकडे होतं का?’ आणि व्हिडिओखालीच रॉड-रीलच्या संचाची जाहिरात दिसते. दोन दिवसांत तो संच घरी येतो, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

दक्षिणेला उल्हास नदीची वसई खाडी, उत्तरेला अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळणारी वैतरणा आणि पश्चिमेला अरबी समुद्र, अशी वसई तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली आहे. मासेमारी इथे पिढ्यानपिढ्या चालत आली. फ्लाय फिशिंग मात्र इथे स्क्रीनवरून आलेला छंद आहे. त्याचं सामानही बहुतेक वेळा स्क्रीनवरूनच येतं. म्हणून या छंदाबद्दल समजून घेताना तो काय आहे एवढंच नाही, तर त्याचं सामान कुठून येतं हेही पाहावं लागतं.

फ्लाय फिशिंग म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या गळाच्या मासेमारीत दोरीच्या टोकाला शिसं किंवा जड आमिष असतं. ते फेकलं की त्याच्या वजनामागे हलकी दोरी खेचली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं घडतं. गळावर पिसं, केस आणि धागा गुंडाळून कीटक, कोळंबी किंवा छोट्या माशासारखं दिसणारं जे आमिष बनवतात, त्याला ‘फ्लाय’ म्हणतात. ते इतकं हलकं असतं की एकटं फेकलं तर चार हातही लांब जात नाही. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार केलेली असते. फेकायची असते ती दोरी, फ्लाय तिच्या मागोमाग जाते.

ही पद्धत नवी नाही. मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधलेल्या गळाने मासे पकडतात, असं रोमन लेखक एलियन याने सुमारे १,८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ प्रसिद्ध झालं आणि इंग्लंडमध्ये गळ टाकण्याला छंदाची प्रतिष्ठा मिळाली. भारतातल्या गळ मासेमारीवर एच. एस. थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये आलं. पुढे इंग्रजांनी काश्मीरच्या थंड नद्यांत ट्राउट मासा आणून सोडला. काश्मीर, हिमाचलमधला ट्राउट आणि हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांतला महसीर यांच्यामुळे भारतात फ्लाय फिशिंगचं नाव आजही डोंगराशी जोडलं जातं.

महाराष्ट्रात महसीर म्हटलं की लोणावळ्याचं नाव येतं. वळवण धरणाजवळ टाटा पॉवरचं महसीर संवर्धन केंद्र गेली पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. मुंबईत हौशी गळकऱ्यांचं जुनं ठिकाण म्हणजे पवई तलाव. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन तिथलीच.

या छंदाचा भारताशी जुना व्यापारी संबंध आहे

फ्लाय फिशिंगचं सामान आज परदेशातून येतं. एके काळी त्याचा कच्चा माल इथून तिकडे जात असे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून रॉड बनवायचे. चीनमधल्या टोंकिन बांबूने जागा घेईपर्यंत त्यासाठी ‘कलकत्ता बांबू’ वापरात होता. फ्लायसाठी लागणाऱ्या कोंबड्यांच्या मानेच्या पिसांचाही भारत मोठा पुरवठादार होता.

सर्वांत मोलाची पिसं होती ती सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याची. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चमकदार ठिपके असतात. ते पाण्यात माशाच्या डोळ्यासारखे दिसतात. आज वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या पक्ष्याची शिकार आणि त्याच्या पिसांचा व्यापार बंद आहे. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर ‘जंगल कॉक’ नावाने विकायला ठेवलेली पिसं दिसली, तर भारतातल्या ग्राहकाने त्या वाटेला न गेलेलंच बरं.

वसईच्या पाण्यात हे जमतं का?

जमतं, पण व्हिडिओत दिसतं तसं नाही. व्हिडिओतलं पाणी काचेसारखं नितळ असतं. वसईच्या खाडीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर गाळ घेऊन फिरतं. मासा आमिष डोळ्यांनी हेरतो, त्यामुळे गढूळ पाण्यात बारीक माशी बांधून काही हाती लागत नाही. इथे कोळंबी किंवा छोट्या माशासारखी, मोठी आणि ठळक रंगाची फ्लाय लागते. जिताडा, रावस, तांब हे खाडीच्या तोंडाशी शिकार करणारे मासे गळकऱ्यांना हवेहवेसे असतात.

पाणी कधी निवळेल याचं उत्तर पंचांगात सापडतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त असते आणि गाळही ढवळला जातो. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी मंद वाहतं आणि त्यातल्या त्यात स्वच्छ राहतं. भरतीची ढोबळ वेळ काढायचा हिशोब किनाऱ्यावर अनेकांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. ही माहिती कोणत्याही रॉडच्या खोक्यावर छापलेली नसते.

जागेचाही विचार लागतो. फ्लाय फेकताना दोरी आधी मागे जाते आणि मग पुढे. म्हणजे पाठीमागे दहा-पंधरा मीटर जागा मोकळी हवी. गर्दीच्या जेट्टीवर हा प्रकार धोक्याचा ठरतो, कारण टोकाला गळ असतो. २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाल्याने किल्ल्याजवळच्या जेट्टीवर गाड्या आणि माणसांची ये-जा असते. तिथे दोरी फिरवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

ऑनलाइन संच घेतला तर चुकतं कुठे?

फ्लाय फिशिंगच्या रॉड आणि लाइनवर एक आकडा असतो. लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन किती, यावरून तो ठरतो. ५ नंबरच्या लाइनसाठी हे वजन १४० ग्रेन म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, तर ८ नंबरसाठी २१० ग्रेन म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. रॉडचा आकडा आणि लाइनचा आकडा जुळावा लागतो. ८ नंबरच्या रॉडला ५ नंबरची लाइन लावली, तर रॉड नीट वाकतच नाही आणि दोरी पायाशी गोळा होते. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

ऑनलाइन मिळणारे बरेचसे स्वस्त संच ५ किंवा ६ नंबरचे असतात. ते थंड नदीतल्या ट्राउटसाठी बनवलेले असतात. वसईत त्यांच्या तीन अडचणी होतात. एक, खाडीवरच्या वाऱ्यात मोठी फ्लाय फेकायला ते अपुरे पडतात. इथे साधारण ९ फुटी, ८ नंबरचा रॉड सोयीचा. दोन, थंड पाण्यासाठीच्या लाइनचं आवरण उन्हात मऊ पडतं आणि रॉडच्या कड्यांना चिकटतं. उष्ण प्रदेशासाठी कडक आवरणाच्या लाइन वेगळ्या मिळतात. तीन, खाऱ्या पाण्यासाठी न बनवलेला रील गंजतो आणि काही फेऱ्यांतच अडकायला लागतो.

वस्तू खराब नसते, ती चुकीच्या पाण्यावर आलेली असते. जाणकार दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला असता, ‘कुठे टाकणार?’ वेबसाइट तो प्रश्न विचारत नाही.

गळाचं दुकान कसं बदललं?

बंदरांजवळची दुकानं मुळात मच्छीमारांसाठी होती. जाळं, नायलॉनचा दोरा, गळ, शिसं, दोरखंड असा माल तिथे मिळतो. हौशी गळकरी तिथूनच गळ आणि दोरा घ्यायचा, रॉड-रीलसाठी मुंबई गाठायचा किंवा परदेशात असलेल्या नातेवाइकाला सांगायचा. माल मोजकाच असे, पण विकणाऱ्याला पाणी ठाऊक असे. कोणता गळ कोणत्या माशाला, कोणत्या हंगामात, हे सांगणं त्या विक्रीचाच भाग होतं.

नंतर तीन गोष्टी घडल्या. मोठ्या साखळी दुकानांमध्ये क्रिकेट-सायकलच्या शेजारी मासेमारीचंही कपाट आलं. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि फक्त गळाचंच सामान विकणाऱ्या संकेतस्थळांमुळे जपानी रील आणि चिनी रॉड घरपोच मिळू लागले. इन्स्टाग्राम-व्हॉट्सअॅपवरून विकणारे छोटे विक्रेतेही उभे राहिले. २४ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ४३ अॅप्सवर बंदी घातली. त्यात अलीएक्सप्रेसही होतं. चीनमधून छोटी-मोठी स्वस्त वस्तू थेट मागवण्याचा एक रस्ता त्या दिवशी बंद झाला आणि त्या मालासाठी देशातल्या आयातदारांवरचं अवलंबन वाढलं.

ग्राहकाचा यात फायदा झालाच. किमतींची तुलना करता येते, पर्याय वाढले, विरारमधल्या मुलालाही दक्षिण मुंबईतल्या गळकऱ्याइतकाच माल पाहायला मिळतो. पण रॉड हातात घेऊन वाकवून पाहणं, तुटलेलं टोक बदलून घेणं, रीलवर दोरी नीट भरून घेणं आणि चार अनुभवी माणसांशी बोलणं, हे सगळं हातचं गेलं.

हे फक्त इथलंच चित्र नाही. १८५६ साली सुरू झालेली अमेरिकेतली ऑर्व्हिस ही फ्लाय फिशिंगमधली सर्वांत नावाजलेल्या कंपन्यांपैकी एक. टपालाने कॅटलॉग पाठवून विक्री करण्यात ती अग्रेसर होती. तिनेही २०२४ मध्ये छापील कॅटलॉग थांबवण्याचा निर्णय घेतला आणि २०२५ मध्ये तीसहून अधिक दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

छंद आपला, खाडी कुणाची?

पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या कोळी कुटुंबांसाठी हे पाणी पोटापाण्याचं आहे. खाडीत आणि किनाऱ्यालगत डोल जाळी लावलेली असतात. हौशी माणसाचा गळ जाळ्यात अडकला, तर नुकसान मच्छीमाराचं होतं. तुटलेला नायलॉनचा दोरा कुजत नाही, तो खडकात आणि तिवरांत अडकून पक्ष्यांच्या-माशांच्या जिवावर उठतो. तो गोळा करून परत आणणं हा या छंदाचा पहिला नियम मानायला हवा.

माशाच्या आकाराचाही नियम आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींवर ते आधारलेलं आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. हौशी गळकऱ्याने लहान मासा सोडून द्यावा. त्यासाठी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून ठेवला, तर माशाला फार इजा न करता गळ निघतो, आणि चुकून स्वतःच्या बोटात घुसला तरी सुटतो.

पेल्हार आणि उसगाव ही वसई-विरारला पिण्याचं पाणी पुरवणारी धरणं आहेत. राज्यातल्या अनेक जलाशयांत मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. गोड्या पाण्यावर जायचं असेल तर आधी चौकशी आणि परवानगी, मग रॉड.

मागवण्याआधी काय पाहावं?

– रॉड आणि लाइनचा आकडा एकच आहे ना, ते तपासा.
– लाइनच्या वर्णनात उष्ण किंवा खाऱ्या पाण्यासाठी असल्याचा उल्लेख शोधा.
– रील खाऱ्या पाण्यासाठी बनवला आहे का, ते पाहा. असला तरी प्रत्येक वेळी घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा.
– सुटे भाग आणि दुरुस्ती मिळेल का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तर येत नसेल तर तेच उत्तर समजा.
– डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी घाला. वाऱ्याने फिरलेला गळ आधी चेहऱ्याकडे येतो.
– ओहोटीला खडकांवर उतरताना परतायची वेळ आधीच ठरवा. भरती पाठीमागूनही पाणी भरते.

आणि संच आलाच, तर तो लगेच खाडीवर नेऊ नका. गळाऐवजी दोरीच्या टोकाला लोकरीचा छोटा तुकडा बांधा आणि रिकाम्या मैदानावर फेकायचा सराव करा. मैदानातल्या हिरवळीवर लाइन फारशी झिजत नाही, रीलला मीठ लागत नाही. आकडा जुळलेला आहे की नाही, हे पहिल्या तासाभरात हाताला कळतं. तोवर वस्तू परत करण्याची मुदतही संपलेली नसते.