आगमनकाळ : मोजलेली आणि न मोजता येणारी प्रतीक्षा

आगमनकाळ म्हणजे नाताळची पूर्वतयारी, एवढाच अर्थ आम्ही बराच काळ गृहीत धरला होता. नाताळाआधीचे चार रविवार, धर्मगुरूंची जांभळी वस्त्रे, दर रविवारी उजळणारी एकेक मेणबत्ती. परंतु या काळाच्या उपासनेत बेथलेहेमच्या बाळाआधी विषय येतो तो ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा, आणि त्याची घटिका कोणालाच ठाऊक नाही. म्हणूनच पहिल्या रविवारी भाविक ऐकतात ती जागे राहण्याची आज्ञा.

दिवस ठाऊक असलेली प्रतीक्षा आणि ठाऊक नसलेली प्रतीक्षा यांतले अंतर आम्हांला जर्मनीच्या इतिहासातील दोन प्रसंगांत दिसते.

हाम्बुर्ग येथे निराधार मुलांसाठी 'राउहेस हाउस' ही संस्था प्रोटेस्टंट धर्मोपदेशक योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३३ मध्ये स्थापन केली. नाताळ कधी, असे मुले त्यांना सारखी विचारत, असे सांगतात. १८३९ मध्ये त्यांनी एका लाकडी चाकावर चोवीस मेणबत्त्या बसवल्या : रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या वीस लहान तांबड्या. रोज एक नवी ज्योत लागे आणि उरलेले दिवस मुलांना डोळ्यांनी मोजता येत. आजच्या आगमनचक्राचा उगम तो हाच.

दुसरा प्रसंग १९४४ च्या डिसेंबरातला, बर्लिनच्या टेगेल तुरुंगातला. जेझुइट धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प हे नाझी राजवटीनंतरच्या जर्मनीचा विचार करणाऱ्या क्रायझाउ मंडळाचे सदस्य. हिटलरच्या हत्येचा २० जुलैचा प्रयत्न फसल्यानंतर आठ दिवसांनी त्यांना अटक झाली. बेड्या घातलेल्या हातांनी त्यांनी आगमनकाळावर चिंतने लिहिली. ती धुण्याच्या कपड्यांतून लपवून बाहेर नेण्यात आली. माणूस मुळापासून हादरतो तेव्हाच खरा जागा होतो, हे त्यांचे प्रतिपादन. याच तुरुंगातून वर्षभरापूर्वी डीट्रिख बोनहोफर यांनी मित्राला लिहिले होते की, कोठडीतले जिणे आगमनकाळासारखेच आहे. दार उघडते ते बाहेरूनच.

डेल्प यांच्यापुढे मेणबत्त्यांचे चाक नव्हते. त्यांना दिवस मोजता येणार नव्हते, कारण शेवटी सुटका आहे की फाशी, हेच ठाऊक नव्हते. तरीही ८ डिसेंबरला, त्या कोठडीतच, त्यांनी आपल्या संघाची अंतिम व्रते घेतली. भविष्याची हमी नसताना आयुष्य पुन्हा एकदा वाहून टाकणे, याला आम्ही आशा म्हणतो. निव्वळ सुटकेची अपेक्षा निकालाबरोबर संपली असती.

निकाल ११ जानेवारी १९४५ रोजी लागला. २ फेब्रुवारीला प्लोट्झेन्झे येथे डेल्प यांना फाशी देण्यात आली. चर्चच्या पंचांगात हा दिवस येशूच्या मंदिरातील समर्पणाचा. त्या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो, आणि आयुष्यभर वाट पाहिलेल्या वृद्ध शिमोनाने बाळाला हातांत घेतल्याची कथा वाचली जाते.