चांदूर रेल्वेकडील मेंढ्यांचे वेत

मेंढी साधारण १५० दिवस गाभण असते. पावसाच्या तोंडाशी फळलेली दख्खनी मेंढी कार्तिक-मार्गशीर्षात व्यायला येते. तिला बहुधा एकच कोकरू होते, त्यामुळे वेत हुकले की धनगराच्या हाती काही लागत नाही.

हे वेत कोणाच्या जमिनीवर व्हायचे, हे एकोणिसाव्या शतकात बदलले. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) कापसाचा भाव चढला आणि १८६७ मध्ये भुसावळकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. याच जिल्ह्यात चांदूर बाजारही असल्याने या चांदुराला त्याच मार्गावरून ‘रेल्वे’ हे नाव जोडले गेले. पडीत जमीन पऱ्हाटीखाली गेली, पोहरा-मालखेडचे रान राखीव झाले. चराईला गावोगाव ‘ई-क्लास’ म्हणून नोंदलेली सरकारी जमीन तेवढी उरली.

मग शेतकऱ्याशी जमवून घेणे आले. रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचे खत द्यायचे आणि बदल्यात ज्वारी घ्यायची. खरीप निघून शेते मोकळी होत, तेव्हाच मेंढ्या व्यायला येत. सोय दोघांचीही होती. पण थंडीत, उघड्या रानात, लांडग्याच्या टप्प्यात वेत सांभाळण्याची जोखीम एकट्या धनगराची.

राखण म्हणजे मुख्यतः नजर. कास भरते, शेपटीजवळचा भाग सैल पडतो, कुशीत खळगा दिसतो. वेळ आली की मेंढी कळपातून बाजूला होते, जमीन उकरते, बसते-उठते. आधी दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले, तर हात लावायचा नाही. नुसते डोके किंवा एकच पाय आला, तर जाणता माणूस आत हात घालून कोकरू सरळ करतो. आईने चाटले आणि तासा-दोन तासांत चीक पोटात गेला की निम्मी काळजी मिटते. आईने झिडकारलेले कोकरू दुसऱ्या दुभत्या मेंढीला लावतात. ती वासावरून परके ओळखते, म्हणून तिला धरून पाजावे लागते. वाटेत जन्मलेले कोकरू घोंगडीत गुंडाळून पुढच्या मुक्कामाला नेतात.

१९७८ मध्ये राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. त्याचे एक प्रक्षेत्र पोहऱ्याला आहे. गाभण मेंढीला आंत्रविषाराची लस देण्याची शिफारस पशुवैद्यक करतात. सोयाबीन आल्यापासून बरीच शेते दिवाळीआधीच, म्हणजे वेतांपूर्वीच, मोकळी होतात. लोकरीतून आता कातरणीची मजुरीही सुटत नाही. नर कोकरे मात्र तीन-चार महिन्यांतच मटणासाठी विकली जातात.